गल्ला किती आणि चित्रपट कसा?

शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवार उजाडेपर्यंत त्याचा निकालही लागलेला असतो. ‘तीन दिवसांत इतके कोटी’ अशी पोस्टर मोबाइलवर फिरू लागतात आणि चित्रपट न पाहिलेली माणसंही ‘आपटला म्हणे’ किंवा ‘तुफान चाललाय’ असं बिनदिक्कत सांगतात. एकेकाळी गल्ल्याचा हिशेब निर्माता, वितरक आणि थिएटरमालक यांच्या वहीत राहायचा. आता तो प्रेक्षकांच्या गप्पांत आला आहे आणि येताना बरेच गैरसमज सोबत घेऊन आला आहे. त्यातले दोन तर एकमेकांच्या अगदी उलट आहेत. काहींच्या मते चालला तो चांगलाच, तर काहींच्या मते चालला म्हणजे सवंगच असणार. दोघंही एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. तो आकडा मुळात काय सांगतो, हे आधी पाहिलं तर बराच गोंधळ मिटेल.

गैरसमज १ : शंभर कोटी कमावले म्हणजे निर्मात्याला शंभर कोटी मिळाले

वस्तुस्थिती : पोस्टरवरचा आकडा बहुतेक वेळा ‘ग्रॉस’ असतो, म्हणजे प्रेक्षकांनी तिकिटांसाठी मोजलेली सगळी रक्कम. एका तिकिटाचा हिशेब करून पाहू. मल्टिप्लेक्समधलं तिकीट २३६ रुपयांचं आहे असं धरा. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे त्यातले ३६ रुपये सरकारचे. उरले २०० रुपये. ही झाली ‘नेट’ कमाई. आता थिएटर आणि वितरक यांची वाटणी होते. २००९मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात याच वाटणीवरून वाद झाला आणि जवळपास दोन महिने मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. शेवटी जी तडजोड झाली तिच्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के ठरला. त्या प्रमाणाने आपल्या तिकिटातून पहिल्या आठवड्यात १०० रुपये वितरकाकडे जातात, चौथ्या आठवड्यात फक्त ६०. त्यातून वितरकाचं कमिशन, प्रसिद्धीचा खर्च आणि डिजिटल प्रक्षेपणाचे पैसे वजा झाले की उरेल ते निर्मात्याचं.

म्हणून शंभर कोटींचा गल्ला जमवूनही एखादा चित्रपट नुकसानीत जाऊ शकतो आणि पाच कोटींच्या गल्ल्यावर दुसरा फायद्यात येऊ शकतो. सगळं खर्चावर ठरतं. धंद्यातली माणसं ‘हिट’ आणि ‘फ्लॉप’ हे शब्द वापरतात ते घातलेले पैसे वसूल झाले की नाही एवढ्याच अर्थाने. पटकथा, अभिनय, छायाचित्रण यांबद्दल ते शब्द काही बोलतच नाहीत. शिवाय आज उपग्रह वाहिन्या, ओटीटी आणि संगीताचे हक्क यांतूनही पैसा येतो आणि तो तिकीटबारीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

गैरसमज २ : सर्वाधिक कमाई म्हणजे सर्वाधिक लोकांनी पाहिलेला चित्रपट

वस्तुस्थिती : कमाई रुपयांत मोजतात, प्रेक्षक डोक्यांनी. तालुक्याच्या गावात शंभर रुपयांत चित्रपट पाहणारे चार जण आणि शहरात आरामखुर्चीसाठी चारशे मोजणारा एक जण यांचा गल्ला सारखाच. तिकिटांचे दर दर काही वर्षांनी वाढतात, त्यामुळे विक्रमही दर काही वर्षांनी मोडतात. महागाईचा हिशेब धरला तर अमेरिकेत आजही १९३९चा ‘गॉन विथ द विंड’ अव्वल ठरतो. न धरलेल्या याद्यांत तो कुठल्या कुठे जातो.

बाजारपेठही बदलते. आमिर खानच्या ‘दंगल’ने भारतात जितकं कमावलं त्याहून जास्त चीनमध्ये कमावलं. तिथल्या पडद्यांची संख्याच वेगळी आहे. करांचा हिशेबही वेगळा असतो. जुलै २०१७मध्ये जीएसटी येईपर्यंत महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, हिंदीला मात्र तो ४५ टक्के भरावा लागे. जीएसटीनंतर दोघं एकाच रांगेत आले. त्यामुळे २०१६च्या आणि आजच्या मराठी चित्रपटाचे आकडे शेजारी ठेवताना थोडं सांभाळूनच बोलावं लागतं.

आणि मुळात हे आकडे देतं कोण? दक्षिण कोरियात तिकीटविक्री सरकारी फिल्म कौन्सिलच्या संगणकीय यंत्रणेत नोंदवली जाते आणि ती कुणालाही पाहता येते. फ्रान्समध्ये चित्रपटाचं यश किती पैसे आले यापेक्षा किती तिकिटं विकली गेली यावर सांगण्याची पद्धत आहे. आपल्याकडे अशी सर्वमान्य सरकारी नोंद नाही. निर्माता एक आकडा सांगतो, व्यापार-विश्लेषक दुसरा. ज्याच्या पोस्टरवर आकडा छापलेला असतो, त्याला तो मोठा दिसावा असं वाटणं साहजिक आहे.

गैरसमज ३ : पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली, म्हणजे लोकांना आवडला

वस्तुस्थिती : पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्याने चित्रपट अजून पाहिलेलाच नसतो. त्याने पाहिलेला असतो ट्रेलर. त्याच्यावर परिणाम झालेला असतो तो नटाच्या नावाचा, गाण्याचा, सुट्टीच्या मुहूर्ताचा आणि जवळच्या थिएटरात दुसरं काहीच लागलेलं नाही याचा. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला हे प्रसिद्धीचं आणि वितरणाचं प्रगतिपुस्तक आहे.

२०१८च्या दिवाळीतलं उदाहरण घ्या. आमिर खान आणि अमिताभ बच्चन पहिल्यांदाच एकत्र आलेला ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ ८ नोव्हेंबरला देशभर हजारो पडद्यांवर लागला. पहिल्याच दिवशी त्याने पन्नास कोटींच्या वर कमाई केली. हिंदी चित्रपटासाठी तो तेव्हा विक्रम होता. पण पहिल्या खेळाचा प्रेक्षक बाहेर आला आणि दुसऱ्या दिवसापासूनच घसरण सुरू झाली. देशातली एकूण निव्वळ कमाई दीडशे कोटींच्या आसपास थांबली, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पैसे पहिल्याच दिवशी आले होते. त्याच दिवाळीत महाराष्ट्रात ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ लागला. त्याला पडदे मिळवण्यासाठी झगडावं लागलं, पण पाहून आलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं आणि तो टिकला.

चित्रपट आवडला की नाही हे कळतं ते पहिल्या सोमवारी आणि त्याहून जास्त दुसऱ्या आठवड्यात. ३० जून २०२३ला आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती. भिशीचे, सोसायटीचे, ऑफिसचे बायकांचे गट नऊवारी आणि गॉगल घालून थिएटरात येत होते आणि घरी जाऊन नणंदा-जावांना पाठवत होते. ही माउथ पब्लिसिटी पैसे देऊन मिळत नाही.

गैरसमज ४ : आपटला, म्हणजे चित्रपटातच काहीतरी खोट असणार

वस्तुस्थिती : खोट असू शकते, नसूही शकते. ‘तुंबाड’चा दाखला यासाठी पुरेसा आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ला लागला. त्याआधी व्हेनिस महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ची सुरुवात त्याने झाली होती. सासवडच्या पुरंदरे वाड्यात आणि कोकणच्या खऱ्या पावसात, कित्येक पावसाळे थांबून त्याचं चित्रीकरण झालं होतं. सतत गळणारं आभाळ, ओलसर भिंती आणि विहिरीसारख्या गर्भगृहात दोर सोडून उतरणारा विनायक. हस्तर या राक्षसी देवाच्या लंगोटातून सोन्याची नाणी काढायची आणि तो खात असलेल्या कणकेच्या बाहुल्या संपायच्या आत वर यायचं. हव्यासाची गोष्ट सांगायला याहून नेमकी दृश्यं क्वचितच सापडतील. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पण तिकीटबारीवर त्याचं यश बेताचंच राहिलं.

पुढची सहा वर्षं लोक तो घरी, ओटीटीवर पाहत राहिले आणि एकमेकांना सुचवत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात आला, तेव्हा दुसऱ्या खेपेची कमाई पहिल्या खेपेच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त झाली. चित्रपट तोच होता. बदलला होता तो प्रेक्षक, आणि त्याला आता आपण काय पाहायला चाललो आहोत हे ठाऊक होतं. एकाच चित्रपटाचे दोन गल्ले इतके वेगळे निघत असतील, तर त्यातला कुठला त्याचा दर्जा मानायचा?

कधी कारण याहूनही साधं असतं. अमिताभ बच्चन आणि विक्रम गोखले यांचा ‘एबी आणि सीडी’ १३ मार्च २०२०ला लागला आणि त्याच दिवशी मुंबई-पुण्यासह मोठ्या शहरांतली चित्रपटगृहं करोनामुळे बंद करण्याची घोषणा झाली. त्याच्या आकड्यावरून त्याच्याबद्दल काय बोलणार?

पडदा मिळण्याचा प्रश्न तर मराठीला फार जुना आहे. १९७१मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूर थिएटरात लागायचा होता. पण देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी त्याला डावललं गेलं. शिवसेनेने आंदोलन केलं तेव्हा कुठे ‘सोंगाड्या’ लागला, आणि मग असा चालला की दादा कोंडके हे नावच तिकीटबारीची हमी झालं. तो लागलाच नसता तर ‘मराठी प्रेक्षकाला हे आवडत नाही’ असा निष्कर्ष कुणीतरी काढलाच असता. आजही सकाळी नऊचा एकच खेळ मिळालेल्या मराठी चित्रपटाबद्दल हाच निष्कर्ष निघतो. नोकरी करणारा माणूस सकाळी नऊला थिएटरात कसा जाईल, हे कुणी विचारत नाही. २०१५मध्ये राज्य सरकारला मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ देण्याचा नियम आणावा लागला तो याच कारणाने.

गैरसमज ५ : गर्दी खेचणारा चित्रपट दर्जेदार असूच शकत नाही

वस्तुस्थिती : हा गैरसमज जरा सुशिक्षित असतो, पण तेवढाच चुकीचा. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागला आणि तिथे ५७ आठवडे चालला. गावोगावी लोक बैलगाड्या जुंपून तो पाहायला जात. त्याच चित्रपटाची १९३७च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत निवड झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम वारकऱ्यांनाही पटला आणि परदेशी परीक्षकांनाही.

‘सैराट’चंही तेच. २९ एप्रिल २०१६ला आलेला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री बारा आणि तीनचे खेळ लावावे लागले. पण त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता आणि रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला होता. त्याचा शेवट आठवून पहा. अजय-अतुलच्या ज्या संगीतावर थिएटरात लोक उठून नाचले, ते संगीत शेवटच्या मिनिटांत पूर्ण थांबतं. लहानगं मूल दारातून आत जातं, पाहतं आणि रडत बाहेर येतं. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात आणि आवाज मात्र काहीच येत नाही. मघाशी शिट्ट्या मारणारं थिएटर गप्प होतं. गर्दीला जे हवं ते देऊन मग तिला जे नको असतं तेही पाहायला लावणं, हे कसब सोपं नाही.

दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. द्व्यर्थी संवाद अनेकांना खटकले आणि त्यात तथ्यही होतं. पण वगनाट्यात घासून घेतलेलं त्यांचं टायमिंग, बोलीची पकड आणि भोळा वाटणारा बिलंदर नायक ही कारागिरीच होती. गल्ल्याने ती सिद्ध झाली नाही, तशी गल्ल्यामुळे ती खोटीही ठरत नाही.

गैरसमज ६ : खरा निवाडा पुरस्कार आणि समीक्षक यांचाच

वस्तुस्थिती : तिथेही चुका होतात. १९७५च्या १५ ऑगस्टला आलेल्या ‘शोले’ची सुरुवातीची परीक्षणं थंड होती. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. फिल्मफेअरने त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘दीवार’ निवडला. ‘शोले’ला मिळाला तो एकच पुरस्कार, संकलनाचा, आणि तो आपल्या एम. एस. शिंदे यांना. प्रेक्षकाने जे काही आठवड्यांत ओळखलं ते जाणकारांनी मान्य करायला वेळ घेतला.

उलट बाजूही तितकीच खरी. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताने तो ऑस्करलाही पाठवला. पण त्याचा प्रेक्षक मर्यादितच राहिला. न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडद्यावर अंधार राहतो. पुढे चित्रपट न्यायाधीशांच्या मागोमाग सहलीला जातो. न्याय ताटकळत ठेवणारी व्यवस्था किती साधी, किती घरगुती माणसं चालवतात, हे दाखवायची ही रीत संथ आहे आणि सर्वांना रुचेल अशी नाही. ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ने २०२०मध्ये व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळवला आणि पुढच्या वर्षी तो थेट नेटफ्लिक्सवर आला. गल्ल्याच्या मापाने त्याला मोजायचं म्हटलं तर मोजायला काहीच नाही.

गैरसमज ७ : मग गल्ल्याला काहीच अर्थ नाही

वस्तुस्थिती : अर्थ आहे आणि तो महत्त्वाचा आहे. चित्रपट पैशावर बनतो. ‘सैराट’ चालला म्हणून अनोळखी चेहरे आणि ग्रामीण बोली घेऊन चित्रपट करायला निर्माते पुढे आले. ‘बाईपण’ चालला म्हणून पन्नाशीतल्या बायकांची गोष्ट ‘कोण बघणार’ असं म्हणणं अवघड झालं. राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ १९७०मध्ये कोसळला तेव्हा त्यांना सावरायला १९७३चा ‘बॉबी’ लागला. आज ‘जोकर’ मानाने पाहिला जातो, पण त्या मानाने तेव्हाचं कर्ज फिटलं नसतं. गल्ला ठरवतो की पुढचा चित्रपट कुणाला करता येईल. मागचा कसा होता, हे मात्र तो ठरवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा आकडा समोर आला की चार गोष्टी विचारा. हा ग्रॉस आहे की नेट? चित्रपटाला खर्च किती आला होता? किती पडदे आणि कोणत्या वेळेचे खेळ मिळाले होते? दुसऱ्या आठवड्यात काय झालं? यांची उत्तरं मिळाली तर धंदा कळेल. चित्रपट कसा आहे, या पाचव्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाहिल्याशिवाय मिळणार नाही. तेव्हा ज्या मराठी चित्रपटाबद्दल चार विश्वासाच्या माणसांकडून चांगलं ऐकलं असेल, त्याचं तिकीट पहिल्याच आठवड्यात काढा. दुसऱ्या आठवड्यात तो थिएटरात असेलच याची खात्री नाही.